जुन्या ध्वनियंत्रांचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपण देवळे, घाट आणि बारवा यांच्या संदर्भात वापरतो. लाकडी खोक्यात बसवलेला लाउडस्पीकर किंवा काचेच्या व्हॉल्व्हांचा अँप्लिफायर यांच्या बाबतीत तो वापरला, तर कित्येकांना ती अतिशयोक्ती वाटेल. परंतु गेली कित्येक दशके इंग्लंड, अमेरिका, जपान या देशांत, आणि आता आपल्याकडेही, एक वर्ग असा आहे की जो साधारणतः १९४५ ते १९७० या काळात बनलेली घरगुती ध्वनियंत्रे शोधून काढतो, मोल देऊन विकत घेतो, त्यांची दुरुस्ती करतो, आणि पुष्कळदा त्यांत नव्या काळाची भर घालून ती अधिक चांगली करण्याचा प्रयत्न करतो. या उद्योगात हौस आहे, थोडा व्यापार आहे आणि थोडे वेडही आहे. पण त्याच्या मुळाशी एक खरा प्रश्न आहे. जुनी वस्तू दुरुस्त करताना तिच्यातले काय राखावयाचे आणि काय बदलावयाचे? देवळाच्या जीर्णोद्धारात हाच प्रश्न येतो. फरक इतकाच की येथे गाभाऱ्यात मूर्तीऐवजी नाद आहे. या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे तर ही यंत्रे कशी घडली, कोणत्या अडचणींतून घडली, हे आधी पाहिले पाहिजे.

ग्रामोफोनच्या भोंग्याला आपल्या वडील मंडळींनी 'कर्णा' हे नाव दिले, ते अगदी समर्पक होते. त्या यंत्रात विजेचा संबंध नव्हता. सुईच्या कंपनांना मोठेपणा देण्याचे काम धातूचा किंवा लाकडाचा तो कर्णाच करी. त्याला जे सूर पेलत, ते ऐकू येत; जे पेलत नसत, ते हरवत. तंबोऱ्याचा खर्ज आणि पखवाजाची घुमारी त्यात बहुधा हरवत असे. हा उणेपणा दूर व्हावयाचा, तर दोन गोष्टी हव्या होत्या. एक म्हणजे दुर्बल विद्युत्प्रवाहाला बळ देणारे साधन, आणि दुसरी म्हणजे त्या प्रवाहाचे पुन्हा आवाजात रूपांतर करणारे साधन. पहिले म्हणजे अँप्लिफायर आणि दुसरे म्हणजे लाउडस्पीकर.

गंमत अशी की यांतील दुसऱ्या साधनाची कल्पना पहिल्याच्या आधी जन्मली. चुंबकाच्या क्षेत्रात तारेचे वेटोळे टांगले आणि त्यातून प्रवाह सोडला, तर ते वेटोळे मागेपुढे हलते, हे तत्त्व जर्मनीतील वेर्नर सीमेन्स यांनी १८७४ साली पेटंटात नोंदवून ठेवले होते. पुढे १८९८ साली इंग्लंडमध्ये सर ऑलिव्हर लॉज यांनी त्याच तत्त्वावर ध्वनियंत्राचे पेटंट घेतले. पण त्या वेटोळ्याला पुरेसा धक्का देईल असा बळकट प्रवाह आणावयाचा कोठून? १९०४ साली फ्लेमिंग यांनी दोन विद्युदग्रांचा व्हॉल्व्ह तयार केला. १९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी त्यात तिसरे विद्युदग्र घातले, आणि त्या तिसऱ्या जाळीने दुर्बल संदेशाला बळ देण्याचा मार्ग मोकळा झाला. १९१५ च्या सुमारास कॅलिफोर्नियात जेन्सन आणि प्रिडहॅम या दोघांनी हलत्या वेटोळ्याला कर्णा जोडून मोठ्या जमावाला ऐकू जाईल असा आवाज काढून दाखवला. जाहीर सभेचे युग तेथून सुरू झाले. घरगुती ऐकण्याचे युग मात्र अजून यावयाचे होते.

ते आणले १९२५ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघा संशोधकांनी. त्यांनी कर्ण्याला पूर्ण रजा दिली. हलक्या कागदाचा एक लहान शंकू घ्यावयाचा, त्याच्या टोकाला तारेचे वेटोळे चिकटवावयाचे, आणि तो शंकू एका मोठ्या फळीच्या भोकात बसवावयाचा, अशी त्यांची योजना होती. फळी कशासाठी? तर शंकू पुढे गेला की पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. या दोन लाटा एकमेकींना भेटल्या, तर खर्जाचे सूर परस्परांना मारून टाकतात. फळी त्यांना वेगळे ठेवते. आज घरोघरी असलेल्या बहुतेक लाउडस्पीकरांचा मूळ आराखडा हाच आहे. शंभर वर्षांत चुंबक बदलले, कागदाच्या जागी प्लॅस्टिक आले, डिंकाचे प्रकार बदलले. पण राइस-केलॉग यांचा सांगाडा तसाच राहिला. एखादा १९५० सालचा लाउडस्पीकर आजही दुरुस्त होऊ शकतो, याचे एक मोठे कारण हे सातत्य होय.

अँप्लिफायरच्या बाबतीत असाच निर्णायक क्षण १९२७ साली आला. बेल प्रयोगशाळेतील हॅरल्ड ब्लॅक हे तरुण अभियंते टेलिफोनच्या लांब तारांसाठी अँप्लिफायर बनवीत होते. प्रत्येक अँप्लिफायर आवाजात थोडी विकृती मिसळी, आणि शेकडो मैलांच्या मार्गावर असे पुष्कळ अँप्लिफायर एकापुढे एक आले की मूळ बोलणे ओळखू येईनासे होई. २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी हडसन नदी ओलांडणाऱ्या बोटीवर कामाला जात असता त्यांना एक युक्ती सुचली, आणि ती त्यांनी हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावरच लिहून काढली. अँप्लिफायरमधून बाहेर पडणाऱ्या संदेशाचा काही भाग उलटा करून पुन्हा आत सोडावयाचा, म्हणजे यंत्राने स्वतः घातलेली विकृती बऱ्याच अंशी आपोआप वजा होते. बळ थोडे कमी होते, पण शुद्धता वाढते. लेखक आपला मजकूर मूळ प्रतीशी ताडून पाहतो आणि चुका दुरुस्त करतो, तसेच हे आहे. ही कल्पना इतकी विपरीत वाटली की तिला अमेरिकेत पेटंट मिळावयास जवळजवळ नऊ वर्षे लागली. ते १९३७ च्या डिसेंबरात मिळाले.

महायुद्ध संपले तेव्हा या साऱ्या ज्ञानाला घराचा रस्ता सापडला. विशेषतः ब्रिटनमध्ये त्या वेळी एक अनुकूल योग जुळून आला होता. युद्धकाळात रेडिओ आणि रडारचे शिक्षण घेतलेले हजारो तरुण घरी परतले होते. युद्धासाठी बनवलेले व्हॉल्व्ह आणि सुटे भाग बाजारात स्वस्त मिळत होते. तयार यंत्रांवर खरेदीकर होता. तेव्हा स्वतः यंत्र जोडण्यात बचतही होती आणि अभिमानही. अशा वेळी १९४७ च्या एप्रिल आणि मे महिन्यांत 'वायरलेस वर्ल्ड' या मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांचा एक लेख दोन भागांत प्रसिद्ध झाला. केटी ६६ जातीचे दोन व्हॉल्व्ह, पंधरा वॅटची शक्ती, आणि विकृती एक दशांश टक्क्याहून कमी, असा तो अँप्लिफायर होता. ब्लॅक यांची उलट्या संदेशाची युक्ती त्यात मोठ्या प्रमाणावर वापरली होती. ती यशस्वी होण्यासाठी शेवटचा ट्रान्सफॉर्मर असामान्य दर्जाचा असणे आवश्यक होते, आणि तो कसा गुंडाळावयाचा याचा सारा तपशील विल्यमसन यांनी त्या लेखात दिला होता.

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्या लेखकाने आपली विद्या पेटीत कुलूपबंद करून ठेवली नाही. नकाशा, मापे, वेटोळ्यांची संख्या, दोष शोधण्याच्या रीती, हे सर्व त्याने वाचकांपुढे मांडले, आणि इंग्लंडपासून ऑस्ट्रेलियापर्यंत हौशी लोकांनी स्वयंपाकघरातल्या मेजावर ते अँप्लिफायर जोडले. त्या काळच्या व्यापारी यंत्रांवरही याच वृत्तीची छाप होती. यंत्राच्या माहितीपुस्तिकेत त्याचा विद्युत्-नकाशा छापलेला असे. तळाचे झाकण चार स्क्रूंनी उघडे. आतला प्रत्येक भाग डोळ्यांना दिसे आणि सोल्डरच्या कांबीने सुटा होई. यंत्र उघडले जाणार, ते दुरुस्त होणार, हे ते बनविणाऱ्याने गृहीतच धरले होते. जुनी यंत्रे आज जिवंत राहिली याचे श्रेय त्यांच्या मजबुतीला जितके, तितकेच या गृहीताला आहे.

विल्यमसन यांच्या बरोबरीने आणखी तीन इंग्रजांची नावे या इतिहासात येतात. हॅरल्ड लीक यांनी १९३४ साली आपला व्यवसाय सुरू केला आणि १९४५ साली 'पॉइंट वन' या नावाने अँप्लिफायर बाजारात आणला. 'पॉइंट वन' म्हणजे एक दशांश टक्का विकृती. तो आकडाच त्यांनी नाव म्हणून मिरवला. पीटर वॉकर यांनी १९३६ साली लंडनमध्ये कंपनी काढली. बॉम्बहल्ल्यानंतर ती हंटिंग्डन या लहान गावी हलली. त्यांच्या यंत्रांना 'क्वाड' हे नाव मिळाले, आणि १९५३ साली निघालेला 'क्वाड दोन' हा अँप्लिफायर पुढे सुमारे चौदा वर्षे फारसा न बदलता बनत राहिला. मूळ ध्वनीच्या अधिकाधिक जवळ जाणे, हे वॉकर यांनी आपल्या कंपनीचे ध्येय म्हणून जाहीर केले होते. तिसरे गिल्बर्ट ब्रिग्ज. यॉर्कशरमधील इल्कली येथे आपल्या घराच्या तळघरात त्यांनी १९३२ साली पहिला लाउडस्पीकर बनवला, आणि जवळून वाहणाऱ्या व्हार्फ नदीच्या खोऱ्याचे नाव कंपनीला दिले. तीच 'व्हार्फडेल'. ब्रिग्ज हे उत्तम लेखकही होते. लाउडस्पीकरवरील त्यांचे १९४८ सालचे पुस्तक सामान्य माणसाला कळेल अशा मिस्कील भाषेत लिहिलेले होते.

ब्रिग्ज यांचे धाडस पाहावयाचे तर १ नोव्हेंबर १९५४ चा दिवस आठवावा लागतो. त्या दिवशी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये त्यांनी एक विलक्षण कार्यक्रम योजला. वॉकर यांच्या साहाय्याने, घरात वापरावयाच्या लाउडस्पीकरांतून आणि अँप्लिफायरांतून त्यांनी तबकड्या वाजवल्या, आणि त्याच रंगमंचावर प्रत्यक्ष कलावंतांचे वादनही झाले. कलावंत आणि त्याचे ध्वनिमुद्रण यांतील अंतर श्रोत्यांनी स्वतःच्या कानांनी पारखावे, असा हेतू होता. जवळजवळ तीन हजार आसनांचे ते सभागृह भरून गेले. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्यांनी असाच प्रयोग केला. एका काळचे तंत्र आपल्या दाव्यांबद्दल किती निर्भय होते, हे यावरून दिसते. जाहिरातीत काही म्हणावे आणि ग्राहकाने विश्वास ठेवावा, एवढ्यावर ब्रिग्ज थांबले नाहीत.

याच सुमारास लाउडस्पीकरच्या रचनेतही दोन मोठ्या घटना घडल्या. अमेरिकेत एडगर व्हिलचूर यांनी १९५४ साली असा लाउडस्पीकर आणला की ज्याच्या खोक्याला कोठेही फट नव्हती. आत कोंडलेली हवाच शंकूला स्प्रिंगसारखी मागे खेची. त्यामुळे पूर्वी कपाटाएवढ्या पेटीतून निघणारा खर्ज पुस्तकाच्या फळीवर मावणाऱ्या पेटीतून निघू लागला. मात्र याची किंमत अँप्लिफायरला मोजावी लागे, कारण असा लाउडस्पीकर पुष्कळ वॅट खातो. इंग्लंडमध्ये वॉकर यांनी विल्यमसन यांच्या सहकार्याने शंकूलाच फाटा दिला. हवेइतक्या हलक्या प्लॅस्टिकच्या पातळ पडद्यावर हजारो व्होल्टचा विद्युत्भार ठेवून तो दोन सच्छिद्र पत्र्यांमध्ये हलवावयाचा, असा त्यांचा स्थिरविद्युत् लाउडस्पीकर १९५७ साली विक्रीस आला. मानवी कंठाचा आवाज इतक्या स्वच्छपणे देणारे यंत्र त्यापूर्वी क्वचितच कोणी ऐकले होते.

त्यानंतरचा काळ झपाट्याचा होता. १९५८ साली दोन बाजूंचा वेगळा आवाज देणाऱ्या स्टिरिओ तबकड्या आल्या, आणि ज्याच्या घरी एक अँप्लिफायर होता त्याला दुसरा घ्यावा लागला. मग ट्रान्झिस्टर आला. लीक यांनी १९६३ साली आणि वॉकर यांनी १९६७ साली ट्रान्झिस्टरचे अँप्लिफायर काढले. ते थंड राहत, हलके असत, आणि त्यांना ट्रान्सफॉर्मरची महागडी गुंडाळी लागत नसे. व्हॉल्व्हची यंत्रे माळ्यावर गेली, भंगारात गेली. लंडनच्या हॅमरस्मिथमधील ज्या कारखान्यात केटी ६६ बनत, तो १९८८ साली बंद पडला. पण तोपर्यंत उलटा प्रवाहही सुरू झाला होता. जपानमधील रसिकांनी १९७० नंतर पश्चिमेची जुनी यंत्रे खरेदी करण्यास सुरुवात केली होती. ज्यांनी ती टाकून दिली होती, त्यांना मग त्यांचे मोल कळले. रशिया, चीन आणि स्लोव्हाकिया येथून जुन्या नमुन्यांचे नवे व्हॉल्व्ह पुन्हा येऊ लागले.

आता खरेदीचा विचार करू. मुंबईच्या चोरबाजारात किंवा परदेशातील एखाद्या लिलावात जुना अँप्लिफायर समोर आला, तर त्याच्या चकाकीकडे पाहून निर्णय घेऊ नये. अशा यंत्रात अमोल वस्तू एकच असते, ती म्हणजे ट्रान्सफॉर्मर. व्हॉल्व्ह नवे मिळतात, कंडेन्सर नवे मिळतात. पण विल्यमसन यांच्या काळी ज्या निगुतीने ट्रान्सफॉर्मर गुंडाळले जात, तसा करून घेणे आज कठीण आणि खर्चाचे आहे. म्हणून ट्रान्सफॉर्मरची वेटोळी शाबूत आहेत किंवा नाहीत, डांबर किंवा मेण वितळून बाहेर आले आहे काय, हे प्रथम पाहावे. दुसरी गोष्ट विजेच्या दाबाची. अमेरिकन यंत्र सुमारे ११७ व्होल्टसाठी आणि सेकंदाला साठ आवर्तनांच्या विजेसाठी बनलेले असते. आपल्याकडे दाब २३० व्होल्ट आणि आवर्तने पन्नास. दाब कमी करणारा ट्रान्सफॉर्मर मध्ये घातला, तरी पन्नास आवर्तनांवर काही यंत्रे अधिक तापतात. ब्रिटिश यंत्रांत बहुधा दाब निवडण्याची सोय असते. ती योग्य जागी आहे, याची खात्री करावी. तिसरी गोष्ट जोडीची. स्टिरिओसाठी दोन स्वतंत्र अँप्लिफायर घ्यावयाचे असतील, तर दोघांचे आयुष्य एकसारखे गेले आहे काय हे पाहावे. एक तळघरात आणि दुसरा दिवाणखान्यात म्हातारा झाला असेल, तर त्यांचे सूर जुळावयास कष्ट पडतात.

आणि सर्वांत महत्त्वाचे हे, की कित्येक वर्षे पडून राहिलेले यंत्र घरी आणताच भिंतीच्या प्लगला लावू नये. त्याच्या आतल्या मोठ्या कंडेन्सरांत रासायनिक द्रवाने धरलेला एक अतिसूक्ष्म थर असतो. वापराविना तो थर झिजतो. एकदम पूर्ण दाब आला, तर कंडेन्सर फुटतो आणि आपल्याबरोबर ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जातो. जाणता कारागीर दाब हळूहळू वाढवतो आणि आतला प्रवाह मोजत राहतो. बहुधा ते कंडेन्सर बदलूनच टाकतो. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरमध्ये तीनशे ते साडेचारशे व्होल्टचा दाब खेळत असतो, आणि यंत्र बंद केल्यावरही तो कंडेन्सरांत काही काळ टिकून राहतो. ज्याला या विद्येचे शिक्षण नाही, त्याने झाकण उघडण्याच्या भरीस पडू नये. या छंदाने जीव घेतल्याची शक्यता नुसती पुस्तकी नाही.

दुरुस्तीत नेहमी आढळणारे दोष ठरावीक आहेत. मेणकागदाचे जुने कंडेन्सर गळू लागतात. दोन व्हॉल्व्हांच्या मधला असा एक कंडेन्सर गळला, की पुढच्या व्हॉल्व्हच्या जाळीवर नको तो दाब जातो, व्हॉल्व्ह तापून लाल होतो, आणि पाठोपाठ ट्रान्सफॉर्मर जळतो. कार्बनच्या रेझिस्टन्सचे मूल्य वर्षानुवर्षे चढत जाते. 'क्वाड दोन'मध्ये दोन्ही मोठ्या व्हॉल्व्हांना मिळून १८० ओमचा एकच रेझिस्टन्स आहे. तो सतत तापतो आणि त्याचे मूल्य ढळते. तो बदलणे म्हणजे यंत्रात फेरफार करणे नव्हे. वॉकर यांनी जे मूल्य ठरवले होते, तेथे यंत्राला परत आणणे होय.

लाउडस्पीकरचे आजार वेगळे. पूर्वीच्या शंकूंच्या कडा कापडाच्या किंवा घडीच्या कागदाच्या असत, आणि त्या पन्नास-साठ वर्षे टिकल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. १९६० नंतर स्पंजासारख्या फेसाच्या कडा आल्या. हवेतील ओलावा या फेसाचे विघटन करतो; पंधरा-वीस वर्षांत त्याचा भुगा होऊन बोटाला लागतो. कोकणच्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात हे अधिक लवकर घडते. अशी कड नवी लावता येते, आणि शंकू व वेटोळे शाबूत असेल तर लाउडस्पीकर पुन्हा बोलू लागतो. मात्र नवी कड मूळच्या कडेइतकीच मऊ आणि हलकी हवी. ती ताठ असली, तर खर्ज आखडतो. खरेदीच्या वेळी शंकूवर दोन्ही बाजूंनी बोटे ठेवून तो हलकेच आत लोटून पाहावा. खरखर लागली तर वेटोळे चुंबकाला घासते आहे असे समजावे. स्थिरविद्युत् लाउडस्पीकर आपल्या हवेत आणखी नाजूक ठरतो, कारण दमट हवा आणि पडद्याकडे खेचली जाणारी धूळ यांमुळे त्यात ठिणग्या उडू शकतात.

येथपर्यंत दुरुस्तीचे क्षेत्र झाले. त्यापुढे सुधारणेचे क्षेत्र सुरू होते, आणि खरे वादाचे स्थळ तेच. लाउडस्पीकरच्या पेटीत खर्ज एका शंकूकडे आणि तार सूर दुसऱ्याकडे पाठवणारी एक मंडली असते, तिला क्रॉसओव्हर म्हणतात. तिच्यातले जुने कंडेन्सर सुकतात. तेथे आजचे उंची प्लॅस्टिकचे कंडेन्सर बसवले म्हणजे आवाज सुधारेलच, असे पुष्कळांना वाटते. पण जुन्या कंडेन्सरात थोडा अंगभूत विरोध होता, आणि मूळ अभियंत्याने तो हिशेबात धरूनच सुरांचा तोल साधला होता. नवा कंडेन्सर अधिक निर्दोष, म्हणून तार सूर वाजवीपेक्षा उजळ होतात. घटक सुधारला आणि तोल बिघडला, असा हा प्रकार आहे. जाणकार मग एक लहानसा रेझिस्टन्स जोडून तो जुना दोष मुद्दाम परत आणतात. हीच गोष्ट शक्तीची. वॉकर यांचा स्थिरविद्युत् लाउडस्पीकर पंधरा वॅटच्या अँप्लिफायरसाठी बनला होता. त्याला शंभर वॅटचा नवा अँप्लिफायर जोडून पडदे जाळल्याची कथा दुरुस्ती करणाऱ्यांना नवी नाही. उलट व्हिलचूर यांच्या बंद पेटीला लहान व्हॉल्व्ह-अँप्लिफायर पुरा पडत नाही. यंत्रे एकेकटी श्रेष्ठ किंवा कनिष्ठ नसतात. ती जोडीने श्रेष्ठ किंवा कनिष्ठ ठरतात.

सुधारणेच्या नावाखाली इतिहास कसा पुसला जातो, याचे एक उदाहरण मराठी रसिकांच्या फार जवळचे आहे. १९५० च्या दशकातील नियंत्रक यंत्रांवर तबकडीच्या प्रकारानुसार सूर समतोल करणारी निरनिराळी बटणे असत. कारण १९५४ पूर्वी प्रत्येक कंपनी आपल्या रीतीने खर्ज कमी करून आणि तार सूर वाढवून तबकडी कापीत असे; वाजवताना त्याच्या उलट करावे लागे. त्यानंतर सर्वांनी एकच रीत मान्य केली, आणि बटणे निरुपयोगी ठरली. हौशी सुधारक ती काढून टाकतात. पण बालगंधर्वांच्या किंवा अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या वाजवावयाच्या असतील, तर नेमकी तीच बटणे हवीत. नव्या रीतीने वाजवलेली जुनी तबकडी गायकाच्या आवाजाचा पोतच बदलून टाकते. ७८ फेऱ्यांच्या तबकड्या आपल्याकडे १९६० नंतरही कित्येक वर्षे निघत होत्या. तेव्हा हा प्रश्न आपल्या संग्राहकांना विशेष जिव्हाळ्याचा आहे.

मग काहीच बदलू नये काय? याचे उत्तर एका नभोवाणी संस्थेच्या अनुभवात सापडते. ब्रिटिश नभोवाणीला १९७० च्या दशकात आपल्या फिरत्या गाड्यांतील चिंचोळ्या कक्षांसाठी एक लहान लाउडस्पीकर हवा होता. तिच्या संशोधन विभागाने तो घडवला. त्याचे नाव एलएस३/५ए, उंची जेमतेम एक फूट. शंकूसाठी त्यांनी कागद वापरला नाही, कारण कागद हवेच्या ओलाव्याने बदलतो आणि एक शंकू दुसऱ्यासारखा होत नाही. म्हणून प्लॅस्टिक वापरले. निरनिराळ्या कंपन्यांना तो बनवण्याचे परवाने दिले, पण प्रत्येक नग मूळ नमुन्याशी ताडून पाहण्याची अट घातली. काही वर्षांनी शंकूच्या उत्पादनात हळूहळू फरक पडत गेला आणि आवाज नमुन्यापासून ढळू लागला. तेव्हा १९८७ साली त्यांनी क्रॉसओव्हरची पुनर्रचना केली. यंत्र बदलले, ते आवाज बदलू नये म्हणून. सुधारणेची याहून चांगली व्याख्या मला ठाऊक नाही.

पोथीचे संपादन करणारा विद्वान मूळ पाठ खोडीत नाही. त्याला दुसरा पाठ बरा वाटला, तर तो तळटीपेत देतो, आणि आपण कोठे काय बदलले याची नोंद ठेवतो. जुन्या ध्वनियंत्राच्या दुरुस्तीकारानेही हीच शिस्त पाळावी. जे झिजले, गळले, जळावयास आले, ते निःसंकोच बदलावे, कारण त्या वस्तूचे काम वाजणे हे आहे. मुकी राहिलेली वस्तू तिच्या कर्त्याला न्याय देत नाही. पण काढलेले भाग पिशवीत घालून पेटीतच ठेवावेत, केलेल्या बदलांचा कागद यंत्राबरोबर असावा, आणि पेटीला नवे भोक पाडण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. पुढच्या माणसाला आपली चूक दुरुस्त करता येईल, एवढी जागा त्याच्यासाठी ठेवणे हा त्या कामातला सभ्यपणा आहे.

या यंत्रांचा आवाज आजच्या यंत्रांहून सरस आहे, असा दावा करण्याची गरज नाही. आजचे एखादे साधे यंत्रही मोजमापात पुष्कळ जुन्या यंत्रांना मागे टाकते. मात्र आजची कित्येक यंत्रे उघडता येत नाहीत, त्यांचे नकाशे मिळत नाहीत, आणि एक भाग बिघडला की सारे टाकून द्यावे लागते. विल्यमसन यांनी आपला नकाशा मासिकात छापला, ब्रिग्ज यांनी आपली यंत्रे तीन हजार लोकांपुढे खऱ्या वाद्यांशेजारी ठेवली, आणि 'क्वाड दोन'चा १८० ओमचा रेझिस्टन्स आजही कोणी अनोळखी कारागीर तळ उलटा करून बदलू शकतो. या तीन गोष्टींत ग्राहकाविषयीचा एक विश्वास आहे. तुम्ही कानांनी पारखू शकता, वाचून समजू शकता आणि हाताने दुरुस्त करू शकता, असा तो विश्वास होता. जुन्या ध्वनियंत्राचा जीर्णोद्धार करणारा माणूस खरे पाहता तो विश्वास राखीत असतो, आणि तो राखला जावा असे ज्याला वाटते, त्याने निदान आपल्या माळ्यावरचे जुने यंत्र भंगारवाल्याच्या तराजूत घालण्यापूर्वी एखाद्या जाणत्याला दाखवावे.